गोदामायनं टाकलेली मूठ

त्या वर्षी प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ मला म्हणता येईना. बाकीची प्रार्थना तोंडपाठ होती, झोपेतून उठवलं तरी म्हटली असती. पण देवाच्या इच्छेवर सगळं सोपवून द्यायची जी ओळ आहे, तिथं आलं की माझी जीभ अडायची. मी ती ओळ गिळून टाकायची आणि पुढं भाकरी मागायला लागायची. शेजारी बसलेली माझी लेक करुणा तेव्हा सहा-सात वर्षांची असेल, पण कानाची तिखट. "आई, मधलं राह्यलं," म्हणायची. मी म्हणायची, "तू म्हन माय. तुहं ऐकंल तो. माह्यं कोठी ऐकते!"

खोटं कशाला बोलू, मी देवावर रुसले होते. आजकाल मंडळीत, म्हणजे आमच्या उपासनेला जमलेल्या लोकांपुढं, देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायला उभं राहिलं की लोक मोठमोठ्या गोष्टी सांगतात, कुणाला स्वप्नात उजेड दिसला, कुणाला आवाज आला. मला तसं काही झालं नाही. माझ्या गोष्टीत एक कजाग बाई आहे आणि थोडीशी ज्वारी आहे. पण मी आभार मानायला बसते तेव्हा मला तेच आठवतं, म्हणून तेच सांगते.

आम्ही किन्हीराजाला राहत होतो. गावात ख्रिस्ती असं आमचं एकच घर. माझे यजमान मिशनची लहानशी शाळा चालवत, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे आणि मला मास्तरीण. दिवसा ते पोरांना बाराखडी शिकवत आणि दिवेलागणीला ओट्यावर बसून खंजिरीवर भजनं म्हणत. आवाज असा की आमच्या घरचं पाणी ज्यांना चालत नव्हतं, तेही समोरच्या लिंबाखाली येऊन बसायचे. पाणी चालत नाही, पण भजन चालतं, असं मी त्यांना चिडवायची. मास्तर मला डोळे मोठे करून गप्प बसवायचे, आणि मग स्वतःच हसायचे.

मग त्यांना खोकला लागला. आधी आम्ही आल्याचे काढे केले, हळद-दूध केलं. एक दिवस फडक्यावर रक्त दिसलं. वाशीमच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि क्षय असल्याचं सांगितलं. तेव्हा त्या रोगाचं नाव काढलं तरी माणसं पदर तोंडाला लावायची. नवी इंजेक्शनं निघाली होती खरी, पण त्यासाठी मास्तरांना रेल्वेनं फार दूर, डोंगरावरच्या क्षयाच्या दवाखान्यात जावं लागणार होतं. किती महिने, ते कुणी सांगेना. परत येतील का, तेही कुणी सांगेना.

फाट्यावर मोटारीत चढताना ते म्हणाले, "देवाच्या मर्जीनं जे होईन ते होईन. तू घाबरू नोको." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "मर्जी त्याची, न् भोगाचं आमी? वा रे मर्जी!" ते हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, आणि मोटार निघून गेली. मी करुणाचा हात धरून घरी आले. त्या दिवसापासून ती ओळ माझ्या तोंडातून निघेना.

गाव म्हणे, यांनी आपला देव सोडला म्हणून देवी कोपली. मंडळीतले काही लोक म्हणत, विश्वास कुठंतरी कमी पडला असेल, बाई, तपासून पाहा. इकडे आड तिकडे विहीर, अशी माझी गत झाली होती. मी मनात म्हणायची, ज्या माणसानं रोज देवाचं नाव गाइलं त्याचाच श्वास देवानं का अडवावा? गाणारा गळाच का धरावा? याचं उत्तर मला कुणी दिलं नाही, आणि आजही माझ्याजवळ नाही.

आमच्यात एक रीत होती. सकाळी दळण काढलं की जात्यात पहिली ओंजळ टाकायच्या आधी एक मूठ ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकायची. त्याला आम्ही देवाची मूठ म्हणत असू. कापणीचा सण आला की साऱ्या बाया आपापलं मडकं मंडळीत नेत, आणि ते धान्य आजारी-पाजारी, निराधार माणसांना जाई. माझ्या आईनं अर्धपोटी राहून ही मूठ टाकली होती. मास्तर गेल्यावर मी ती बंद केली. धान्य नव्हतं म्हणून नाही, एका मुठीनं आमचं काय वाढणार होतं? रुसवा होता. मडकं रिकामं करून फळीवर पालथं घातलं, बस.

दसऱ्यापर्यंत मास्तरांची पत्रं येत राहिली. मग थांबली. मी रोज शाळेच्या ओट्याशी डाकवाल्याची वाट पाहायची. तो दुरूनच मान हलवायचा आणि पुढं जायचा. पुढं पुढं तर त्यानं आमची गल्लीच टाळली, बिचाऱ्याला माझ्याकडं पाहवत नसेल. मिशनमधून विचारणा केली, तिकडून काही कळेना. मी सवाष्ण आहे की विधवा, हेच मला ठाऊक नव्हतं. वाईट बातमी आली तर माणूस रडून तरी मोकळा होतो. मला रडायचीही सोय नव्हती.

मी कापूस वेचायला जाऊ लागले. आमच्या समोरच्या घरच्या गोदाबाईचं शेत होतं. ती कुणब्याची, नवरा मुका वाटावा इतका शांत, कारण घरातलं सगळं बोलणं गोदाबाईच बोलून टाकायची. तिला सारा गाव गोदामाय म्हणे, आणि तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. आम्हाला ताक द्यायची, पण आमच्या गडव्यात वरून ओतायची, भांड्याला भांडं लागू द्यायची नाही. आमच्या उंबऱ्याच्या आत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. मला त्याचं काही वाटत नसे, असं म्हणणार नाही. वाटायचं.

एक दिवस तिच्याच शेतात कापूस वेचता वेचता माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी तिथंच बसले. अंग तव्यासारखं तापलं होतं. गोदामायनं मला बैलबंडीत टाकून घरी आणलं. जवळच्या, आमच्या वाशीमकडच्या मालेगावचा कंपाउंडर येऊन गेला. त्यानं मुदतीचा ताप सांगितला, उठायचं नाही अशी ताकीद दिली. गेला तोही घाईनंच. क्षयाचं घर, त्यात आता हा ताप. आमच्या दारापुढून जाणारी माणसं गल्लीच्या पलीकडच्या कडेनं जायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कुणीतरी उभं राहिलेलं दिसलं. कमरेवर पाण्याची कळशी, दुसऱ्या हातात ज्वारीनं भरलेलं सूप. गोदामाय.

"सरक वं पोरी," ती करुणाला म्हणाली. "चूल कोठी हाये तुमची?"

मी खाटेवरून म्हटलं, "गोदामाय, आत येऊ नोको. घरात रोग हाये. न् लोकं काय म्हनतीन?"

"लोकं म्हनतीन ते म्हनतीन. लोकायच्या तोंडाले का हात लावता येते? न् रोगाचं मले नोको सांगू. यम आला तं त्याले बी शिव्या देऊन वापस धाडीन. तू गप पड."

ती उंबरा ओलांडून आत आली. किती साधी गोष्ट! पण त्या उंबऱ्यावर तिच्या किती पिढ्या थांबलेल्या होत्या, ते मला ठाऊक होतं. पाणी तिचं, ज्वारी तिची, हेही खरं. पण चूल आमची होती.

ती जात्यापाशी बसली आणि दळण काढू लागली. तेवढ्यात करुणा म्हणाली, "पयले देवाची मूठ टाका लागते."

"कोन्या देवाची?"

"येशूची. पन आई आता नाई टाकत. आई रुसली हाये त्याच्यावर."

जात्याचा खुंटा धरलेला गोदामायचा हात थांबला. मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता ही म्हणेल, पाहा बाई, जुना देव सोडला, आता नवाही सोडला. गावभर होईल. पण ती फळीकडं गेली, पालथं मडकं काढलं, खळखळून धुतलं. आपल्या कपाळावर बोट घासून त्या मडक्याला कुंकवाचं बोट लावलं. मग सुपातली मूठभर ज्वारी त्यात टाकली.

"रुसावं तं रुसावं," ती माझ्याकडं न पाहता म्हणाली. "आमी बी रुसतो. पन उपाशी कायले ठेवा लागते बापा त्याले?" आणि मडक्याला म्हणाली, "घे रे देवा, मास्तरणीच्या नावानं. तिले बरं वाटलं की ते सोताच टाकीन."

तिला वाटत होतं आमचा देव ती ज्वारी खातो. मला सांगायचं होतं, माय, आमचा देव जेवत नाही, ही मूठ गरिबांसाठी असते. आणि कुंकू तर आम्ही लावतच नाही. पण बोलायचं त्राण नव्हतं. मी भिंतीकडं तोंड केलं. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं, माझं मलाच कळेना काय होतंय ते.

त्यानंतर ती रोज आली. आंबील करून मला पाजायची, करुणाची वेणी घालायची, भाकरी थापायची. आणि रोज आधी मूठ. मूठ टाकताना ती देवाशी बोलायची, आणि आपल्या नेहमीच्याच आवाजात बोलायची. "काल टाकली, आज बी टाकली. तुह्याकून तं काईच हालचाल नाई. ऐकून राह्यला का नाई?" एकदा तर चिडून म्हणाली, "लेकरू पाह्य कसं सुकलं! दिसत नाई का तुले?" आम्ही देवाशी किती जपून बोलायचो. कृपा करून, दया करून, अशी सुरुवात करायचो. हिला तसलं काही ठाऊकच नव्हतं. पण खाटेवर पडल्या पडल्या मला वाटू लागलं, आमच्या घरात पुन्हा कुणीतरी प्रार्थना करत आहे.

माझा रुसवा लगेच गेला असं नाही. ताप उतरला, मी काठी धरून दारापर्यंत जाऊ लागले, पण मास्तरांची बातमी नव्हती ती नव्हतीच. तेवढ्यात कापणीचा सण आला. मालेगावला एका कौलारू खोलीत आमची उपासना भरत असे, आणि सणाला वाशीमहून आमचे पाद्री, पाळकसाहेब, येत. मी जायचं नाही ठरवलं होतं. आभार मानायचा सण, आणि मी कशाचे आभार मानू?

गोदामाय मडकं काखेत घेऊनच दारात आली. "चाल. देवाचं धान्य देवाले पोचवा लागते. ठेवून घेतलं तं पाप लागते."

"मले नाई याचं, गोदामाय. तूच पाठवून दे कोनाजवळ."

"का बरं? मी का फुकट टाकली मूठ? कोनाले टाकून राह्यली ते तं पाहू दे मले."

तिच्या नवऱ्यानं बंडी जुंपूनच ठेवली होती. मग काय, गेले.

खोलीत मेजापुढं ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, भोपळे, झेंडूच्या माळा मांडल्या होत्या. बाया एकेक करून मडकी ठेवत होत्या. आमचं मडकं गोदामायनं ठेवलं आणि खोलीत कुजबुज सुरू झाली. रोज एक बोट लावून लावून त्याच्यावर कुंकवाचा चांगला जाड थर झाला होता. मंडळीच्या पंचांच्या बाई लगबगीनं पुढं आल्या. वाईट नव्हत्या त्या, शिस्तीच्या होत्या. "अवो, हे काय? देवाच्या घरात कुंकवाचं मडकं?" असं म्हणून पुसायला त्यांनी पदराचं टोक धरलं.

मी कशी पुढं झाले मला ठाऊक नाही. मडक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "राहू द्या बाई. ही मूठ माही नाई. मी टाकनं बंद केलं होतं. ही सगळी हिनं टाकली."

मग सगळ्यांपुढं जे होतं ते सांगून टाकलं. रुसवा, पालथं मडकं, ताप, गोदामायची ज्वारी. सांगताना लाज वाटली नाही. पाळकसाहेब म्हातारे गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं, वाकून ते मडकं उचललं आणि बाकीच्या मडक्यांच्या पुढं, मेजाच्या अगदी जवळ ठेवलं. बाईंनी पदर सोडला.

आमच्याकडं मडकं ठेवणारीनं आभाराचे दोन शब्द मोठ्यानं बोलायचे, अशी पद्धत होती. माझी पाळी आली. मी मान खाली घालून उभी. शब्द येईना. कुणीतरी खाकरलं. एक तान्हं बाळ रडायला लागलं. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "मूठ मी टाकली, तं मीच बोलू का?" आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत गोदामायनं डोक्यावरून पदर ओढला, हात जोडले. डोळे मिटले नाहीत. समोर कणसांकडं पाहत ती बोलू लागली.

"देवा, मी काई तुही मानूस नाई. तुह्या गोठी मले समजत बी नाई. पन ह्या पोरीचा मानूस आनून दे. तुह्याजवळ काय कमी हाये? न् नाईच आनाचा असंन तं नोको आनू, तुही मर्जी. मोठा तू हायेस. पन मंग हिले एकटी नोको सोडू. जवळ बसून राह्य हिच्या. बस, येवढंच."

मर्जी. तोच शब्द. फाट्यावर मास्तरांच्या तोंडून ऐकला तेव्हा तो मला विस्तवासारखा लागला होता. गोदामायच्या तोंडून ऐकला आणि माझ्या आतली गाठ सैल झाली. मी इतके महिने एवढंच मागत होते, त्यांना आण. त्याच्यापुढं काही मागायचंच मला भ्याव वाटत होतं. वाटायचं, "न आणलास तर" असं म्हटलं म्हणजे मीच त्यांना जाऊ दिलं. ते शब्द गोदामायनं माझ्यासाठी उच्चारले. आणि उच्चारल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या शब्दांच्या पलीकडंही देव आहे, तिथंही मी पडणार नाही. मी मोठ्यानं आमेन म्हटलं. मग सगळ्या मंडळीनं प्रभूची प्रार्थना म्हटली आणि मी ती सगळी म्हटली. रडत रडत, पण सगळी.

होळी झाल्यावर दवाखान्यातून बातमी आली. मास्तर फार अत्यवस्थ झाले होते, छातीचं मोठं ऑपरेशन झालं होतं, हातात लेखणी धरवत नव्हती. आणि मधल्या काळात कळवायचं कुणाकडून तरी राहून गेलं होतं. उन्हाळ्यात ते स्वतःच फाट्यावर मोटारीतून उतरले. एक खांदा खचलेला, अंगावर नुसती हाडं, पण जिवंत. मी पाहतच राहिले. गोदामाय तिथंही माझ्याआधी बोलली. "काहो मास्तर, येवढा उशीर? मूठ टाकू टाकू हात दुखले ना माहे!" मास्तर बिचारे माझ्याकडं पाहू लागले, त्यांना काय ठाऊक! घरी येईपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. ते वाटेत दोनदा थांबले. मला वाटलं दम लागला. पाहिलं तर डोळे पुसत होते.

त्यांना गाणं मात्र परत मिळालं नाही. श्वास पुरत नसे. भजनाचे शब्द ते सांगत आणि करुणा म्हणे. शाळा पुष्कळ वर्षं चालवली त्यांनी, नंतर वय होऊन शांतपणे गेले. गोदामाय शेवटपर्यंत आपल्या देवीचीच राहिली, नवरात्र कधी चुकवलं नाही. आणि आमच्या घरी आली की पाणी मागून प्यायची, अगदी ओट्यावर बसून, साऱ्या गल्लीला दिसेल असं.

कुणी मला विचारतं, गोदामायची प्रार्थना ऐकली म्हणून मास्तर परत आले का? मी म्हणते, ते देवाला विचारा बापा, मला ठाऊक नाही. दवाखान्यातून कितीतरी बायांची माणसं परत आली नाहीत, त्यांच्यासाठीही कुणीतरी मागितलंच असेल. मला एवढंच कळतं की गोदामायनं दोन गोष्टी मागितल्या होत्या. पहिली उन्हाळ्यात मिळाली, तिचे आभार मी रोज मानते. पण दुसरी, मला एकटी सोडू नको ही, ती तर तिनं मागायच्या आधीच मिळून चुकली होती. देव जवळ नाही म्हणून मी भिंतीकडं तोंड करून पडले होते, तेव्हा माझ्या पाठीमागं, माझ्याच चुलीवर, गोदामाय भाकरी थापत होती.